एक्स्चेंजवरचं बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये कसं न्यावं? मोबाइल एकच, रेंज बेभरवशाची

पऱ्हाटी_१२

राम राम मंडळी. एक्स्चेंजवर (नाणी घ्यायचं-विकायचं ॲप) ०.००४३ बिटकॉइन आणि १८० यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) पडून आहेत, दोन्ही स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे फक्त आपल्या ताब्यातल्या ॲपमध्ये घ्यायचे आहेत. गाव दर्यापूर तालुक्यात. लाइट गेली की टॉवर पण झोपतो, मग ओटीपी कधी दहा मिनिटांनी येतो, कधी येतच नाही. अँड्रॉइड मोबाइल एकच, लॅपटॉप नाही. तालुक्याला सायबरवर जाऊन करावं का?

बाकी अडलं ते असं: पाठवताना नेटवर्क निवडा म्हणते, तिथं काय टाकायचं? मध्येच रेंज गेली तर पैसे अधांतरी राहतात का? वॉलेट परत उघडायचे जे बारा शब्द देतात ते कागदावर लिहून धान्याच्या कोठीत ठेवले तर चालतील का, घराला वाळवी आहे. आणि बाहेर काढलं की एक टक्का टीडीएस कटतो का?

नोडवाला

सायबर नाही, सेतू केंद्र नाही, मित्राचा लॅपटॉपही नाही. कॉपी केलेला पत्ता पेस्ट होताना गुपचूप बदलणारे व्हायरस असतात आणि दहा जणांचे पेनड्राइव्ह लागलेल्या मशीनवर ते असायचेच. तुमचा मोबाइल पुरेसा आहे.

सर्वात आधी एक्स्चेंजवर बिटकॉइन उघडून ‘विथड्रॉ’ दाबून पाहा. तिथं पत्ता आणि नेटवर्क विचारत असेल तर पुढं वाचा. फक्त बँक खातंच दाखवत असेल, तर त्या ॲपमधून नाणं बाहेर निघत नाही. विकून रुपये काढणं एवढाच रस्ता उरतो. आपल्याकडची काही ॲपं अशीच आहेत.

वॉलेट: फक्त बिटकॉइनसाठी ब्लूवॉलेट सोपं आहे. प्ले स्टोअरवर नाव टाकून शोधू नका, त्यांच्या वेबसाइटवरच्या लिंकवरून जा, सारख्या नावाची बनावट ॲपं असतात. नवीन वॉलेट करताना ‘बिटकॉइन’ निवडा, लाइटनिंग नको. शब्द दाखवेल ते कागदावर उतरवा. स्क्रीनशॉट नाही, फोटो नाही, स्वतःलाच व्हॉट्सॲप नाही. गॅलरी आपोआप क्लाउडवर चढते हे बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही.

आता एक पैसाही पाठवायच्या आधी तालीम करा. वॉलेटचा पहिला ‘रिसीव्ह’ पत्ता वेगळ्या कागदावर पूर्ण लिहून घ्या. मग ॲपमधून वॉलेट डिलीट करा आणि कागदावरून शब्द टाकून परत आणा. तोच पत्ता आला तर तुमचा कागद बरोबर आहे. लोक हे करत नाहीत, थेट रक्कम पाठवतात आणि फोन फुटल्यावर कळतं की सातवा शब्द चुकीचा लिहिला होता. नुसतं ‘ॲपनं शब्द घेतले’ यावर जाऊ नका. बारा शब्दांत तपासणीचे फक्त ४ बिट असतात. हे शब्द एका ठरलेल्या यादीतून येतात; एखादा शब्द त्या यादीतल्याच दुसऱ्या शब्दाशी बदलला गेला तर साधारण १६ पैकी १५ वेळा ॲप नाकारतं. सोळाव्या वेळी मुकाट्यानं स्वीकारतं आणि कोणाच्याच मालकीचं नसलेलं रिकामं वॉलेट उघडून देतं. म्हणून पत्ता ताडून पाहायचा.

अजून एक. शब्द इंग्रजी अक्षरांतच लिहा. ‘उजवा’ या अर्थाचा राइट आणि ‘लिहिणे’ या अर्थाचा राइट, दोन्ही त्या २०४८ शब्दांच्या यादीत आहेत. फळाचा पेअर आणि जोडीचा पेअर, तेही दोन्ही आहेत. देवनागरीत लिहिलं की सहा महिन्यांनी कोणता कोणता हे तुम्हालाच सांगता येणार नाही. बाकी स्पेलिंगचा ताण घेऊ नका, पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द वेगळा ओळखू येतो, यादीच तशी केली आहे.

नेटवर्क: बिटकॉइनसाठी ‘बिटकॉइन’ किंवा ‘बीटीसी’ असं लिहिलेलं. काही ठिकाणी स्वस्त म्हणून ‘बीईपी२०’ असाही पर्याय येतो. ते खरं बिटकॉइन नाही, दुसऱ्या साखळीवरचं (ब्लॉकचेनवरचं) त्याच्या नावाचं टोकन आहे. तुमचा पत्ता ‘बीसी१क्यू’ने सुरू होतो, एकूण ४२ अक्षरं. एखादं अक्षर चुकलं तर एक्स्चेंज पत्ताच नाकारेल, त्यात तपासणीची सोय आहे. पण पत्ता बरोबर आणि दुसऱ्याचाच असला तर कोणी अडवणार नाही. पेस्ट केल्यावर पहिली सहा, शेवटची सहा आणि मधली चार-पाच अक्षरं वॉलेटशी ताडा. फक्त टोकं पाहू नका; टोकं जुळणारे पत्ते मुद्दाम बनवून लोकांच्या व्यवहारांच्या यादीत घुसवतात.

मग पहिल्यांदा कमीत कमी जेवढं काढता येतं तेवढंच काढा. ते वॉलेटमध्ये दिसलं, निदान एक कन्फर्मेशन (साखळीत पक्की नोंद) झालं, की बाकीचं.

डीपी_उडाली

रेंजचं सांगतो. पैसे अधांतरी राहत नाहीत. एक्स्चेंजनं व्यवहार नेटवर्कवर सोडला की तुमचा फोन बंद असो की विहिरीत पडलेला असो, नोंद साखळीत होते. ‘रिसीव्ह’ करायला वॉलेट चालू ठेवावं लागत नाही. तुम्ही फक्त नंतर उघडून पाहता.

गडबड होते ती त्याच्या आधीच्या पायरीवर. ‘कन्फर्म’ दाबलं, गोल गोल फिरत राहिलं, रेंज गेली, मग माणूस परत दाबतो. कधी कधी दोन्ही विनंत्या लागतात आणि फी दोनदा जाते. त्यामुळे अडकलं की आधी ॲप बंद करून ‘विथड्रॉल हिस्टरी’ पाहा. तिथं नोंद असेल तर हात लावू नका. नसेल तरच पुन्हा करा.

ओटीपी एसएमएसवर असेल तर आधी ऑथेंटिकेटर ॲप जोडून घ्या. त्याला रेंज लागतच नाही, दर ३० सेकंदांनी फोनमध्येच नवा आकडा तयार होतो. पण तो फोनच्या घड्याळावर चालतो. बॅटरी पूर्ण उतरून फोन चालू झाल्यावर घड्याळ दीड-दोन मिनिटं मागं-पुढं राहिलं की प्रत्येक कोड ‘चुकीचा’ येतो आणि माणूस खातं लॉक होईपर्यंत टाकत राहतो. सेटिंगमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. जोडताना जी बॅकअप की दाखवतात तीही कागदावर उतरवा, नाहीतर फोन गेला की एक्स्चेंजचं खातं उघडायला केवायसीचा सगळा फेरा पुन्हा.

आणि हो, टू-फॅक्टर (ओटीपी किंवा ऑथेंटिकेटरची सोय) बदलला, पासवर्ड बदलला किंवा नवीन पत्ता यादीत घातला की बरीचशी एक्स्चेंजं २४ तास किंवा जास्त वेळ काढणं थांबवतात. ते बिघाड नाही, चोरानं खातं घेतलं तर तुम्हाला वेळ मिळावा म्हणून आहे. सोमवारी पत्ता घाला, बुधवारी पाठवा. घाईचं कामच नाही हे.

हिशेबनीस

टीडीएस: कटत नाही. स्वतःच्या एक्स्चेंज खात्यातून स्वतःच्याच वॉलेटमध्ये नेणं म्हणजे विक्री नाही, मालक तोच. एक टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून आहे, पण तो विकताना किंवा एक नाणं देऊन दुसरं घेताना. म्हणजे फी वाचवायला आधी बिटकॉइनचं दुसरं नाणं करून मग काढायचं ठरवलं, तर तिथं मात्र टीडीएसही आणि नफा असेल तर ३० टक्के करही, त्यावर ४ टक्के सेस धरून ३१.२. तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वजा होत नाही. असली हुशारी करू नका.

काढायच्या आधी एक्स्चेंजवरून खरेदीचा पूर्ण इतिहास एक्सेल फाइलमध्ये उतरवून घ्या: तारीख, किंमत, किती घेतलं. नाणी बाहेर गेल्यावर पाच वर्षांनी विकायला आणली की खरेदी किंमत दाखवायचा पुरावा हाच. एक्स्चेंज तेव्हा असेलच असं नाही. करात वजा होते ती फक्त खरेदी किंमत. नेटवर्क फी, काढण्याची फी काहीच धरत नाहीत.

काढताना वॉलेट कोणाचं असं विचारतील. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंजं मनी लाँडरिंग कायद्याखाली आली, तेव्हापासून ही चौकशी वाढली. स्वतःचं आहे म्हणून स्वतःचंच सांगा, घाबरून ‘मित्राचं’ वगैरे लिहू नका. काही ठिकाणी पत्ता तुमचाच आहे हे दाखवायला वॉलेटचा स्क्रीनशॉट मागतात. ‘रिसीव्ह’च्या पडद्याचा चालतो, शब्दांचा कधीच नाही.

नोडवाला

एक राहिलंच. यूएसडीटी ब्लूवॉलेटमध्ये राहत नाही, ते वॉलेट बिटकॉइनपुरतंच. यूएसडीटीला वेगळं वॉलेट, वेगळे बारा शब्द.

तिथं नेटवर्कची खरी भानगड आहे. पत्ता ‘टी’ने सुरू होणारा ३४ अक्षरी असेल तर तो ट्रॉन नेटवर्कचा, तिथं टीआरसी२० निवडा. ‘०एक्स’ने सुरू होणारा ४२ अक्षरी असेल तर इथेरियम, पॉलिगॉन, बीएनबी चेन सगळीकडे तोच पत्ता चालतो, म्हणूनच लोक गोंधळतात. चुकून पॉलिगॉनवर पाठवलं आणि वॉलेट इथेरियम दाखवत असेल तर पैसे बुडाले असं समजू नका. वॉलेटमध्ये पॉलिगॉन जोडलं की दिसतात. उलट प्रवासात मात्र बुडतात: वॉलेटमधून एक्स्चेंजला परत पाठवताना ते एक्स्चेंज त्या नेटवर्कवर जमाच घेत नसेल, तर सोडवणं पूर्णपणे त्यांच्या मर्जीवर.

दुसरं, वॉलेटमधून यूएसडीटी पाठवायची फी यूएसडीटीत कटत नाही, त्या नेटवर्कच्या स्वतःच्या नाण्यात कटते. ट्रॉनवर टीआरएक्स लागतं, पॉलिगॉनवर पोल, इथेरियमवर ईथर. १८० यूएसडीटी आणले आणि खिशात थोडंही टीआरएक्स नाही, तर ते काचेच्या बरणीतल्या लोणच्यासारखं नुसतं पाहत बसायचं. ट्रॉनवर ज्या पत्त्यावर आधी कधीच यूएसडीटी नव्हतं, तिथं पाठवायला खर्च जवळपास दुप्पट येतो, हेही धरून चाला.

माझं मत विचाराल तर १८० यूएसडीटी तिथंच राहू द्या, नाहीतर विकून मोकळे व्हा. यूएसडीटी जारी करणारी कंपनी कोणताही पत्ता गोठवू शकते, त्यामुळे ‘आपल्या ताब्यात’ हा शब्द तिथं अर्धाच खरा.

कोठीघर

शब्द कुठं ठेवायचे ते कोणी सांगितलंच नाही. कागद, वाळवी आणि विदर्भातला पावसाळा यांचं जमत नाही. लॅमिनेशन करायला झेरॉक्सवाल्याकडे नेऊ नका हो, तिथंच सगळं उघडं पडतं.

स्टीलवर कोरा. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव टाकतात ते खोदायचं पेन-मशीन स्वस्तात मिळतं. मशीन आणा, पत्रा आणा, घरी बसून स्वतः कोरा. भांडेवाल्याला कोरायला देऊ नका, म्हणजे त्याला तुमचं वॉलेट दिल्यासारखंच. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, आधी १ ते १२ क्रमांक टाका. क्रम चुकला की सगळं चुकलं. आधी जुन्या डब्याच्या झाकणावर हात बसवा, सुरुवातीला टोक घसरतं आणि ‘यू’चा ‘व्ही’ होतो. ॲल्युमिनियमचा पत्रा नको, तो ६६० अंशाला वितळतो. स्टेनलेस स्टील १४०० अंशांच्या आसपास. गोठ्याला लागलेल्या आगीत हा फरक महत्त्वाचा.

कोठीत स्टीलचा पत्रा ठेवायला हरकत नाही, फक्त धान्यासोबत विकू नका म्हणजे झालं. पण हार्डवेअर वॉलेट (वॉलेटसाठीचं वेगळं छोटं यंत्र) घेतलंत कधी, तर ते किंवा जुना फोन कोठीत नको. किडीसाठी ज्या गोळ्या टाकतो त्यांच्या वायूनं तांबं गंजतं, सर्किट मरतं. तुमच्या रकमेला हार्डवेअर वॉलेट गरजेचंच आहे असं मला वाटत नाही, पण ते घेतलं तरी बारा-चोवीस शब्द जपावे लागतातच, तिथून सुटका नाही.

पऱ्हाटी_१२

तालीम केली, पत्ता जुळला. आज छोटी रक्कम पाठवली. एक्स्चेंज ‘कम्प्लीटेड’ म्हणते, वॉलेट शून्य दाखवते. टीएक्सआयडी (व्यवहाराचा क्रमांक) मेमपूल डॉट स्पेस या व्यवहार पाहायच्या वेबसाइटवर टाकली तर चाळीसेक पत्ते दिसतात, आकडे पण भलतेच. हे माझं आहे काय?

नोडवाला

तुमचंच आहे, फक्त एकट्याचं नाही. एक्स्चेंज बऱ्याच ग्राहकांचे पैसे एकाच व्यवहारात काढतं, फी वाटून जाते म्हणून. उजव्या बाजूच्या यादीत तुमचा ‘बीसी१क्यू’ पत्ता शोधा, त्याच्यासमोरचा आकडा तुमचा. एक बिटकॉइन म्हणजे दहा कोटी सॅटोशी, म्हणजे तुमचे ०.००४३ झाले ४,३०,००० सॅटोशी. वॉलेट कोणत्या एककात दाखवतं तेही पाहून घ्या.

वर ‘अनकन्फर्म्ड’ लिहिलं असेल तर थांबा. व्यवहार पक्के करणारा नवा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, पण सरासरीच; कधी दोन मिनिटांत, कधी पाऊण तासात. कन्फर्म असूनही वॉलेट शून्य असेल तर रेंज असलेल्या ठिकाणी जाऊन पडदा खाली ओढून रिफ्रेश करा.

पऱ्हाटी_१२

दिसले भाऊ! पण आता ‘रिसीव्ह’ उघडलं तर पत्ताच बदलला. एक्स्चेंजवर जुना घातलेला आहे, परत २४ तास थांबावं लागते काय?

नोडवाला

गरज नाही. एका वापरानंतर वॉलेट नवा पत्ता पुढं करतं, सगळे त्याच बारा शब्दांतून निघतात आणि जुना कायम चालतो. जुन्याच पत्त्यावर पाठवा, फक्त बाहेरच्याला दोन्ही व्यवहार एकाचेच आहेत हे कळतं, तुमच्या बाबतीत त्यानं काही बिघडत नाही.

उरलेली रक्कम मात्र एकदमच काढा. दर आठवड्याला पाचशे रुपयांचं थोडं थोडं आणत गेलात तर प्रत्येक हप्ता वेगळा तुकडा म्हणून राहतो. पुढं खर्च करताना अशा प्रत्येक तुकड्याला साधारण ६८ व्हीबाइट (व्यवहाराचा आकार मोजायचं माप) जागा लागते. फी दर व्हीबाइटला ५० सॅटोशी चालू असेल तर एका तुकड्यामागं ३४०० सॅटोशी. महागाईच्या दिवशी चिल्लर तुकडा खर्चायलाच परवडत नाही. पुढची खरेदी एक्स्चेंजवर साठू द्या आणि तीन-चार महिन्यांनी एकदा काढा.

हिशेबनीस

आणि विकायची वेळ आली तर वॉलेटमधून टेलिग्रामवरच्या कोणाला थेट विकू नका, दोन रुपये जास्त देतो म्हटलं तरी. फसवणुकीचे पैसे तुमच्या खात्यात येतात आणि सायबर पोलिसांचा होल्ड लागतो, मग चुकाऱ्याचे पैसेही त्याच खात्यात अडकतात. परत एक्स्चेंजवर आणून विका, टीडीएस कटू द्या; रिटर्नमध्ये तो परत धरता येतो.