१९२९ ची उघडी शेवरलेट : सांगाड्याचे लाकूड वाळवीने खाल्ले आहे, नव्या लाकडाचे माप कशावरून घ्यावे?

नमस्कार. आमचे गाव वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात आहे. पणजोबांनी घेतलेली १९२९ ची सहा सिलिंडरची उघडी शेवरलेट आमच्या बैलांच्या कोठ्यात चाळीसेक वर्षे पडून होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्यास सुरुवात केली आणि आपली गाडी तिथलीच, असे आजोबा सांगत असत. आर्वीहून पुलगावला छोटी रेल्वे असतानाही कापसाच्या हंगामात पणजोबा मोटारीनेच पुलगाव गाठत, हेही ते सांगत. त्यातला रुबाबाचा भाग किती आणि गरजेचा किती, हे आता विचारायला कोणी उरले नाही.

इंजिन जाम आहे, पण त्याची मला फारशी चिंता वाटत नाही. १९४ घन इंचांचे ते साधे, दणकट इंजिन आहे आणि ते खोलून बसवू शकणारे मिस्त्री नागपुरात सापडतील. माझी खरी अडचण लाकडाची आहे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे हिच्या लोखंडी चॅसीवर (चाके आणि इंजिन पेलणाऱ्या खालच्या चौकटीवर) लाकडाचा सांगाडा आहे आणि त्या सांगाड्यावर पत्रा बारीक खिळ्यांनी ठोकून कडेला दुमडलेला आहे. दारांची बिजागरी, कुलपे, मागची बैठक, टपाच्या कमानी, सगळा भार लाकडावर आणि पत्रा म्हणजे नुसते कातडे. आमच्या गाडीत हे लाकूड वाळवीने आणि ओलीने आतून संपवले आहे. मागच्या डाव्या दाराच्या खांबात मी पेचकस टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना चहाच्या पुडीसारखा भुसा घेऊन आला. त्याच दाराच्या पोटात उंदरांनी साठवलेली ओंजळभर सरकी निघाली. कुलपामागचा वीतभर तुकडा मात्र शाबूत आहे आणि त्यावर मूळ सुताराने पेन्सिलीने ओढलेली रेघ अजून दिसते.

यानंतर माझ्या हातून जी चूक झाली, ती स्पष्टपणे लिहितो. मे महिन्यात आम्ही सहा जणांनी मिळून बॉडी चॅसीवरून उचलली आणि बाजूला दोन ओंडक्यांवर ठेवली. उचलण्यापूर्वी आतून आडवे-तिरपे टेकू ठोकायला हवे होते, दारांच्या फटींची मापे लिहून ठेवायला हवी होती; यांपैकी काहीही केले नाही. खाली ठेवताच बॉडी फाकली. मागच्या डाव्या दाराची फट वरच्या बाजूला बोटभर रुंद झाली आणि खाली दार खांबाला घासू लागले. उजवी बाजू त्या मानाने बरी दिसते, परंतु ती तरी मूळ मापात आहे का, याची खात्री उरलेली नाही. डाव्या चाकावरच्या कमानीचे लाकूड पूर्ण गेले आहे, उजव्याचे अर्धे आहे. उजव्यावरून डाव्याचा साचा काढावा, तर मुळात उजव्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न लाकडाचा. परदेशी बांधणीत अ‍ॅश नावाचे लाकूड वापरत, ते इथे सहज मिळत नाही. गावातील वाढई (सुतार) धावड्याचे लाकूड घ्या म्हणतात, कारण बंडीच्या (बैलगाडीच्या) कामात त्यांनी तो आयुष्यभर वापरला आहे. माझा कल सागाकडे आहे, कारण वाड्याच्या दुरुस्तीत निघालेल्या सागाच्या चार जुन्या तुळया घरीच पडून आहेत. तिसरा प्रश्न कागदपत्रांचा : सांगाडा नवा केल्यावर विंटेज नोंदणीस अडचण येईल का? जुने नोंदणीपुस्तक पेटीत जपून ठेवलेले आहे.

प्रतिसाद

आपण चूक मोकळेपणाने लिहिली हे बरे केले, कारण या कामात उतरलेल्या निम्म्या लोकांनी ती केलेली असते. मीही केली आहे. आमच्या घरी बंड्या आणि दमण्या (बैलांच्या हलक्या गाड्या) बनवण्याचे काम होते आणि जुन्या मोटारीचा एक सांगाडा मी स्वतः नवा केला आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

माप डाव्या बाजूवरूनही घेऊ नका आणि उजव्या बाजूवरूनही घेऊ नका. आपल्याकडे न हललेल्या तीन गोष्टी आहेत : चॅसीवरची बॉडीच्या बोल्टांची भोके, डॅशबोर्डापुढचा पत्र्याचा घडीव भाग आणि खुद्द दारे. आधी चॅसी सपाट जमिनीवर टेकूंवर ठेवून गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चारही कोपरे एका पातळीत आणा. मग बॉडी परत चॅसीवर ठेवा, बोल्ट सैल लावा आणि दारे जागेवर अडकवा. बॉडी आणि चॅसी यांच्यामध्ये मुळात रबराच्या किंवा कॅनव्हासच्या चकत्या असत. त्या जागी पातळ फळ्यांचे तुकडे सारत दारांची फट सगळीकडे सारखी करा. फट जुळली की बॉडी मूळ आकारात आली असे समजा, आतून आडवे टेकू ठोका आणि मगच साचे काढायला बसा. लाकूड एका वेळी एकच बदला. तळाच्या दोन लांब पट्ट्या आधी, नंतर दारांचे खांब, चाकांवरच्या कमानी सर्वांत शेवटी. सगळे जुने लाकूड एकदम काढले तर पत्र्याला आकार लक्षात राहत नाही.

पत्र्याची दुमडलेली कड उलगडताना घाई करू नका. नव्वद वर्षांचा पत्रा वाकवून पुन्हा वाकवला की कडेला चिरतो. कड गॅसच्या ज्योतीने मंद लाल होईपर्यंत तापवली तर पत्रा मऊ पडतो. मात्र त्याआधी लगतचे लाकूड काढलेले असावे आणि पाण्याची बादली हाताशी असावी.

आपल्या वाढईंचा अनुभव नाकारण्यासारखा नाही. धावडा धक्का सोसतो, म्हणूनच बंडीला तो चालतो. पण तो जड असतो आणि वाळताना फाटतो. दाराच्या खांबाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) फरकही सहन होत नाही. तुळयांचा साग पिढ्यान् पिढ्या वाळलेला असल्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यातही हलणार नाही आणि वाळवी त्याला सहसा शिवत नाही. फक्त तुळया चिरण्यापूर्वी जुने खिळे शोधून काढा, गाभ्याजवळचा तडकलेला भाग टाकून द्या आणि खिळ्यासाठी आधी बारीक भोक पाडा. सागात तेल असते, त्यामुळे इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का चिकटा) लावण्याच्या जरा आधी सांध्याचा पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसला नाही तर जोड सुटतो. चाकावरची कमान एका रुंद फळीतून कापू नका. लाकडाच्या रेषा आडव्या जातात तिथे ती मोडते. बंडीच्या चाकाचा घेर जसा तुकड्यांनी जुळवतात, तशी ती तीन तुकड्यांत करा. पोकळ खांबात इपॉक्सी ओतून वेळ मारून नेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. भार घेणाऱ्या लाकडाला तो उपाय नाही.

नोंदणीबद्दल : जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी विंटेज ठरते, परंतु चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. मूळ पत्रा, मूळ आकार आणि त्याच मापाचे लाकूड राखून केलेली दुरुस्ती हा बदल नव्हे, असे माझे मत आहे; पण मत चालत नाही, कागद चालतो. म्हणून प्रत्येक जुना तुकडा नव्याशेजारी ठेवून छायाचित्र काढा, जुने तुकडे जाळू नका आणि काम संपण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करा.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. रविवारी चॅसी टेकूंवर ठेवली, तेव्हा मागचा उजवा कोपरा सहा सूत खाली असल्याचे पाण्याच्या नळीने दाखवले. तो उचलून बॉडी परत बसवली आणि फळ्यांचे तुकडे सारल्यावर डाव्या दाराची फट वर-खाली दोन सुतांच्या फरकावर आली. म्हणजे मी ज्या उजव्या बाजूवर विश्वास ठेवणार होतो, तीच अधिक वाकडी होती. वाढईंनी ते पाहिले, काही न बोलता दार तीनदा उघडून लावले आणि तुळया चिरायला सोमवारी येतो म्हणाले.

आता फक्त टपाच्या कमानींचा प्रश्न उरतो. त्या मुळात वाफेवर वाकवलेल्या आहेत, दोन मोडल्या आहेत आणि साग तसा वाकत नाही असे वाढई म्हणतात. सागाच्या पातळ पट्ट्या फर्म्यावर एकमेकींना चिकटवून कमान कोणी केली असल्यास पट्टीची जाडी किती घेतली, ते कृपया कळवावे.