गोळीचे पहिले पंधरा दिवस

पुरुषांच्या डिप्रेशनवरच्या या चर्चेत एकाने म्हटलंय की पुरुषांनी मन मोकळं करायला शिकावं, बाकीचं आपोआप जमतं. अर्धंच पटलं. माझ्या चुलतभावाला बोलण्यासारखं काही आहे हेच मुळात मान्य नव्हतं. रडणं नाही, उदास चेहरा नाही. पोरांवर खेकसायचा, पहाटे ३ ला उठून बसायचा, पाठ दुखते म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे खेटे घालायचा आणि रात्री 'झोपेसाठी' दोन पेग. पुरुषांमधलं डिप्रेशन बऱ्याचदा असंच चिडचिड आणि अंगदुखीचा वेष घेऊन येतं. (दारूने डोळा लागतो खरा, पण उत्तररात्री झोप मोडते आणि दुसरा दिवस आणखी वाईट जातो.) वहिनीने शेवटी थायरॉइड, बी-१२ तपासायचं निमित्त करून नेलं, तिथून मानसोपचारतज्ज्ञांकडे.

औषधांबद्दल इथे कुणीच लिहिलेलं दिसत नाही. डिप्रेशनवर नेहमी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या) गोळ्यांचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, कधी जास्तही. मळमळ, बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होऊ शकते. त्यामुळे 'मला सूट होत नाही' म्हणत कित्येकजण नेमकी चुकीच्या वेळी गोळी सोडतात. भाऊही सोडणार होता. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकला. बरं वाटल्यावरही सहसा किमान ६ महिने चालू ठेवतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. जवळपास डॉक्टर नसेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.