राज्यसभा बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी एक क्रियापद बघावं

कृष्णाकाठ

रविवारी जेवताना भाचा म्हणाला, "मावशी, लोकांनी निवडलेली लोकसभा असताना वर आणखी एक सभागृह कशाला पोसायचं?" पंगतीत मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मी एका महापालिकेच्या लेखा विभागात बत्तीस वर्षं काढली. जकात गेल्यावर आमच्यापुढे एकच प्रश्न होता: बुडालेलं उत्पन्न भरून कोण देणार? महापालिकांना राज्य देणार, पण जीएसटी आल्यावर राज्याला केंद्र देणार का? मे २०१५ मध्ये लोकसभेने मंजूर केलेल्या घटनादुरुस्ती विधेयकात लिहिलं होतं की संसद भरपाईची तरतूद 'करू शकेल', आणि तीही 'पाच वर्षांपर्यंत'. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे, म्हणजे निवडक सदस्यांच्या छाननी समितीकडे, पाठवलं. ३ ऑगस्ट २०१६ ला राज्यसभेतून बाहेर पडलं तेव्हा 'करू शकेल'चं 'करील' झालं होतं आणि 'पाच वर्षांपर्यंत'चं 'पाच वर्षांसाठी'. पाच दिवसांनी लोकसभेने बदललेला मसुदा जसाच्या तसा स्वीकारला.

ज्याने अंदाजपत्रक जुळवलंय त्याला या दोन क्रियापदांतलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. 'शकेल' या शब्दावर कुणाचे पगार होत नाहीत. २०२० मध्ये कोरोनाने वसुली आटली तेव्हा राज्यं भरपाईसाठी केंद्राशी भांडली ती याच 'करील'वर पाय रोवून.

लोकसभा हे रेटून नेऊ शकली नाही, कारण घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीची सोयच नाही. दोन्ही सभागृहांनी स्वतंत्रपणे, हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने ती मंजूर करावी लागते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: राज्यसभा हवीच.

सह्यकडा

ताई, उदाहरण चोख आहे पण अर्धं सांगितलंत. त्याच विधेयकात आंतरराज्य मालावर एक टक्का जादा कर होता. तो दोन वर्षं माल बनवणाऱ्या राज्यांना मिळणार होता, म्हणजे महाराष्ट्र, तमिळनाडू यांच्या फायद्याचा. राज्यसभेतून विधेयक बाहेर पडलं तेव्हा तो कर उडालेला होता. मग राज्यांचं हित म्हणजे नक्की कोणत्या राज्याचं?

जुना इतिहासही बघा. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारं विधेयक लोकसभेने मंजूर केलं. राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ मतं पडली. दोन तृतीयांशासाठी १४९.३३ हवी होती. मताच्या एका तुकड्यासाठी तनखे वाचले आणि पुन्हा घटनादुरुस्ती व्हायला १९७१ उजाडलं. १९८९ मध्ये पंचायत राज विधेयक तिथेच अडलं आणि ७३वी घटनादुरुस्ती लागू व्हायला एप्रिल १९९३ उजाडला. गावातल्या बायांच्या आरक्षणाला साडेतीन वर्षांचा उशीर झाला, तो कुणाच्या खाती लिहायचा? निवडून आलेल्या बहुमताला न निवडून आलेल्यांनी अडवायचं आणि निवडणुकीत पडलेल्या नेत्यांची सोय लावायची, हे मला लोकशाहीत बसत नाही.

घाटमाथा

सह्यकडा, 'पडलेल्यांची सोय' हे शब्द वापरताना थोडं थांबा. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडले. त्यानंतर ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि १९५६ मध्ये निधन होईपर्यंत सदस्य होते. तो दरवाजा नसता तर घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष संसदेबाहेर राहिला असता.

मांडवीकर

गोंयकार म्हणून एक व्यथा मांडतो. राज्यसभा राज्यांची म्हणतात, पण गोव्याला तिथे एकच जागा. महाराष्ट्राला १९, उत्तर प्रदेशला ३१. अमेरिकेच्या सिनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोन. आमचा एकटा सदस्य आजारी पडला तर त्या दिवशी राज्यसभेत गोवाच नाही. बंद करू नका, पण लहान राज्यांना किमान तीन-चार जागा तरी द्या.

सह्यकडा

मांडवीकर, आधी तुमचा सदस्य तुमच्या राज्यातला असेल याची तरी खात्री आहे का? २००३ पर्यंत उमेदवार त्या राज्यातला मतदार असणं बंधनकारक होतं. ती अट कायदा बदलून काढली. त्याच दुरुस्तीने मतदानही उघड केलं, म्हणजे आमदाराने मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. आता सांगा, हे राज्यांचं सभागृह की दिल्लीतल्या पक्ष कार्यालयांचं?

कृष्णाकाठ

एक टक्क्याचं तुमचं म्हणणं मान्य. त्यात महाराष्ट्राचं नुकसान झालं, ते मी लिहायला हवं होतं.

पण १९८९ बद्दल नाही पटलं. पडलेल्या विधेयकात पंचायतींच्या निवडणुका केंद्रीय निवडणूक आयोगाकडे आणि लेखापरीक्षण कॅगकडे (देशाच्या महालेखापरीक्षकांकडे) जाणार होतं. आक्षेप होता तो हाच, की दिल्ली राज्यांना वगळून थेट गावात हात घालते आहे. पुढच्या ७३व्या दुरुस्तीत राज्य निवडणूक आयोग आला आणि लेखापरीक्षण राज्याच्या कायद्यावर सोपवलं. आज ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याचं मूळ त्या अडवणुकीत आहे. उशीर झाला हे खरं, पण कायदा सुधारून आला.

घाटमाथा

मुळात राज्यसभा अडवते कुठे? साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचं जमलं नाही तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तिथे लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे २४५, म्हणजे निकाल बहुतेक ठरलेलाच. तरी आजवर अशा तीनच बैठका झाल्या: १९६१ हुंडाबंदी, १९७८ बँक सेवा आयोग रद्द करणं, २००२ पोटा हा दहशतवादविरोधी कायदा. पोटा राज्यसभेने फेटाळला आणि आठवडाभरातच २६ मार्चला संयुक्त बैठकीत ४२५ विरुद्ध २९६ ने मंजूर झाला.

खरं दुखणं धनविधेयकाचं, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाबद्दलच्या विधेयकाचं, आहे. लोकसभेच्या अध्यक्षांनी 'हे धनविधेयक' असं प्रमाणित केलं की राज्यसभेच्या हातात फक्त १४ दिवस आणि शिफारशी. आधार विधेयक असंच आणलं. १६ मार्च २०१६ ला राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या आणि त्याच दिवशी लोकसभेने पाचही फेटाळल्या. ज्या कायद्याचा संबंध माझ्या बोटांच्या ठशांशी आहे, त्यातल्या पाच दुरुस्त्यांवर एक रात्रही विचार झाला नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कायदा टिकवला, पण न्या. चंद्रचूड यांनी भिन्नमत देताना याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं.

सह्यकडा

म्हणजे तुम्हीच सिद्ध केलंत. इतक्या सहज वगळता येतं ते सभागृह ठेवायचं कशाला?

कृष्णाकाठ

दादा, जकात नाक्याचं सांगते. ज्या नाक्यावर तपासणी ढिली असायची, तिथून ट्रक सरळ जायचे. जिथे पावती मागणारा कारकून बसायचा, तिथे रात्री गाड्या शेतातल्या आडवाटेने निघायच्या. आधारसाठी आडवाट काढावी लागली, कारण तेव्हा राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं आणि तिथे पावती मागितली गेली असती. अशा वेळी नाका उठवत नाहीत, आडवाट बुजवतात. धनविधेयकाच्या प्रमाणपत्राचा निर्णय अध्यक्षांनी एकट्याने घेऊ नये, दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची छोटी समिती असावी, एवढीच माझी मागणी आहे.

सह्यकडा

समितीला माझा पाठिंबा. मात्र रहिवासाची अट परत आल्याशिवाय मी त्याला राज्यांचं सभागृह म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये २००३ ची दुरुस्ती वैध ठरवली, म्हणजे तोही मार्ग बंद.

कृष्णाकाठ

न्यायालयाचा बंद आहे, संसदेचा नाही. ती अट घटनेत नव्हती, लोकप्रतिनिधित्व कायद्यात होती, म्हणून साध्या बहुमताने परत आणता येते. तिला धनविधेयकही म्हणता येणार नाही. महाराष्ट्राच्या १९ पैकी मंत्री नसलेला कुणीही एका शुक्रवारी दुपारी, अशासकीय कामकाजाच्या वेळेत, ते विधेयक राज्यसभेतच मांडू शकतो. मी १९ जणांना पत्रं लिहिते आहे. मसुद्यातलं क्रियापद तपासायला तुम्ही मदत कराल का?

सह्यकडा

करतो. व्यक्तिगत निरोप पाठवा.