अ‍ॅबरडीनला विसरू नका
स्कॉटिश फुटबॉल म्हणजे फक्त सेल्टिक आणि रेंजर्स हे ग्लासगोचे दोन क्लब, असं म्हटलं जातं; मला ते अजिबात पटत नाही. अ‍ॅबरडीन क्लबचं काय? १९८३ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या पावसात प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसनच्या पोरांनी रेआल माद्रिदला २-१ हरवून कप विनर्स कप (देशोदेशीच्या कपविजेत्यांची युरोपीय स्पर्धा) जिंकला. जादा वेळेतला विजयी गोल जॉन ह्यूइटचा, तोही बदली खेळाडू म्हणून उतरलेला! १९८५ ची स्कॉटिश लीगही त्यांचीच.

स्कॉटिश कपसाठी मात्र १९९० नंतर थेट २०२५ उजाडलं. ग्लासगोच्या हॅम्पडेन स्टेडियमवरच्या अंतिम सामन्यात सेल्टिक तिहेरी मुकुटाच्या (एकाच हंगामात लीग आणि दोन्ही देशांतर्गत कप) उंबरठ्यावर होतं, ८३व्या मिनिटापर्यंत १-० ने पुढे. तेवढ्यात त्यांचा गोलकीपर श्मायकेलकडून स्वयंगोल झाला आणि बरोबरी झाली. पेनल्टी शूटआउटमध्ये समोरचा गोलकीपर मितोव्हने सेल्टिकचे दोन फटके अडवले आणि अ‍ॅबरडीन ४-३ ने जिंकलं. विजेत्यांचा प्रशिक्षक यिमी थेलिनचा बचावात्मक डाव अनेकांना कंटाळवाणा वाटला. मला तो धाडसी वाटला.