स्पोर्ट बाइकला टूरिंग टायर म्हणजे बाइकचा अपमान? अजिबात नाही

टॉर्कपाना
रेडलाइन यांनी काल लिहिलं: "सुपरस्पोर्टला स्पोर्ट-टूरिंग टायर घालणाऱ्याने ती बाइक घेऊच नये. सुपरकोर्सा एसपी घाला, रस्त्यावर हवा ३० ठेवा, नाहीतर स्कूटर घ्या." सुपरस्पोर्ट म्हणजे शर्यतीच्या धर्तीची वेगवान बाइक, स्पोर्ट-टूरिंग म्हणजे लांब पल्ल्याला टिकणारा टायर, सुपरकोर्सा एसपी म्हणजे ट्रॅकच्या (शर्यतीच्या मार्गाच्या) जवळचा टायर, आणि ३० म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप. मी सोडून देणार होतो, पण खाली नवखी मंडळी "धन्यवाद, हेच करतो" म्हणायला लागली, म्हणून सविस्तर लिहितोय.

ट्रॅकच्या जवळचं रबर तापल्याशिवाय पकड देत नाही. तुमचा रोजचा रस्ता म्हणजे सकाळचं गार डांबर, दर दोन मिनिटांनी सिग्नल आणि मग सरळसोट महामार्ग. त्यात टायर तापणार कधी? ज्या पकडीचे पैसे मोजले ती तुमच्या हाती लागतच नाही. शिवाय अशा टायरला खाचा मोजक्याच असतात, पाणी बाहेर फेकायला जागा कमी. आजचे स्पोर्ट-टूरिंग टायर बघा: मध्ये टणक रबर, कडेला मऊ, आणि सिलिका भरपूर, त्यामुळे गारठ्यात आणि ओल्यात ते लवकर धरतात. रोड ६ किंवा रोडटेक ०१ अशा टूरिंग टायरवर घाटात गुडघा टेकवणारे लोक आहेत. रस्त्यावर त्याहून जास्त झुकायची गरज पडत असेल तर प्रश्न टायरचा नाही.

रेडलाइन
गुडघा टेकणं म्हणजे पकड नव्हे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी स्पोर्ट-टूरिंग घालून ट्रॅकवर गेलोय. सुरुवातीला छान, मग काही फेऱ्यांत रबर इतकं तापलं की गॅस उघडला की मागचं चाक बाहेर सरकायचं. पुढच्या टायरचा तर काही निरोपच येत नाही. ब्रेक दाबत वळणात शिरताना हाताला कळलं पाहिजे की चाक काय करतंय. ते कळत नसेल तर पावसातल्या खाचा घेऊन काय करू?

पावसाळी
ट्रॅकवर किती जण जातात इथे? मी वर्षभर चालवते, पावसातही. माझा मागचा टायर बदलायला काढला तेव्हा झिजेची मर्यादा दाखवणारी मधली खूणपट्टी रबराच्या पातळीला आली होती आणि दोन्ही कडांना कारखान्यातले रबराचे केस तसेच उभे होते. बहुतेकांची झीज अशीच असते, मान्य करायला लाज वाटते म्हणून कोणी सांगत नाही. मला मधलं रबर टिकायला हवं आणि ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक निसटायला नको. बस.

आणि कंपाउंडवर (रबराच्या मिश्रणावर) भांडताय तर आधी तारीख बघायला शिका. टायरच्या भिंतीवर (बाजूच्या भागावर) डीओटी या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. मला एका दुकानदाराने "कालच आलाय" म्हणत टायर दाखवला, आकडे वाचले तर कितीतरी वर्षं गोदामात पडलेला. विचारलं तर म्हणतो, "मॅडम, रबर कुठे सडतंय?" असा टायर कुठल्याही कंपनीचा असो, मी घेणार नाही.

निळीचेन
पावसाळीताई, तारखेचा धागा वेगळा काढा, त्यावर मीही तावातावाने लिहीन. इथे तुम्ही तिघंही मधला वर्ग विसरलात. रोसो ४, एस२२, एम९ आरआर हे टायर रस्त्यासाठीच बनलेत. लवकर तापतात, ओल्यात घाबरवत नाहीत आणि अधूनमधून ट्रॅकवरही चालतात. टूरिंगपेक्षा लवकर झिजतात, एवढाच दोष.

नवा_स्वार
माझी ४०० सीसीची आहे. मागे १६०/६० (१६० मिलिमीटर रुंद, भिंतीची उंची त्याच्या ६० टक्के), रिम साडेचार इंची. १८०/५५ बसवला तर पकड वाढेल ना? मागून दिसतोही भारी.

टॉर्कपाना
नको! ५.५ इंची रिमसाठी आखलेला टायर ४.५ वर चढवला की भिंती आत खेचल्या जातात आणि मधला भाग टोकदार होऊन वर येतो. सरळ जाताना जमिनीला टेकणारी पट्टी उलट अरुंद होते, आणि कडेचं रबर कधी जमिनीला लागतच नाही. वर चेनला किंवा मडगार्डला घासायची भीती. बाइक आळशी वळते ते निराळंच. पकड रुंदीने नाही, आकार जमण्याने मिळते.

रेडलाइन
नेहमीचं पुस्तकी उत्तर. आकार बदलणं चूकच असतं असं नाही. माझ्या लिटर (१००० सीसी) बाइकला सहा इंची रिमवर १९०/५० यायचा, मी १९०/५५ घातला. भिंत ९५ मिलिमीटरवरून साडेएकशेचार झाली, मागून बाइक जवळपास एक सेंटीमीटर उचलली गेली. आता वळणात अशी झटकन झुकते की पहिल्यांदा दचकलो. खांदा उंच असल्याने पूर्ण झुकल्यावर टेकणारं रबरही जास्त.

टॉर्कपाना
आणि घेर तीन टक्क्यांनी वाढला, ते? ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाची तुलना करतं. त्या तुलनेचा पायाच तुम्ही हलवलात. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तोही कमी दाखवणार.

रेडलाइन
माझ्या बाइकमध्ये टायर बदलल्यावर कॅलिब्रेट करायची (नवा घेर नोंदवायची) सोय आहे. केलंय. पुढे?

निळीचेन
सगळ्यांच्या बाइकमध्ये नसते ना! तुम्ही लिहिता आणि पोरं ते ४०० वर करतात. माझ्या मित्राने असाच रुंद टायर चढवला होता. खड्ड्यात चाक वर उचललं गेलं की चेन टायरच्या कडेला लागायची. भिंतीवर बोट फिरवलं तर सरळ चर हाताला लागत होता. नशीब की वेळेत दिसला.

रेडलाइन
४०० वर करा असं मी कुठे म्हटलं? दाखवा. माझ्या तोंडी शब्द घालू नका.

पावसाळी
तोंडी घालायची गरजच नाही. "रस्त्यावर हवा ३० ठेवा" हे तुम्हीच लिहिलंय, वर उतरवून ठेवलंय.

टॉर्कपाना
त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. ट्रॅकवर हवा कमी ठेवतात कारण जोरात चालवल्यावर टायर खूप तापतो आणि दाब भराभर चढतो. साधारण दर साडेपाच अंश सेल्सिअसला एक पीएसआय. रस्त्यावर तो तेवढा तापत नाही, म्हणून दाब खालीच राहतो, भिंती लोळतात, सुकाणू जड होतं आणि खड्ड्यात रिम वाकते. बहुतेक सुपरस्पोर्टना कंपनी पुढे ३६, मागे ४२ सांगते, तेही टायर गार असताना मोजून. पेट्रोल पंपापर्यंत चालवून तिथे मोजलं तर तो आकडा खरा नाही.

रेडलाइन
मागे ४२ म्हणजे दोघं बसून सामान लादल्यावरचं. एकट्याने घाटात चालवताना तो टायर दगड होतो, माझा अनुभव आहे.

टॉर्कपाना
एकटे असाल तर दोन-तीनने उतरवा, त्याला माझा विरोध नाही. ४२ वरून ३० वर जाणं ही वेगळी गोष्ट आहे.

रेडलाइन
ठीक. ३० चं वाक्य काढतो, नवख्यांसाठी ते धोक्याचं आहे. आणि ज्याला एकच जोडी परवडते आणि ट्रॅकवर जायचं नाही, त्याने रोसो ४ सारखं काही घ्यावं, इथवर मी येतो. टूरिंगपर्यंत येणार नाही. सुपरस्पोर्टचा पुढचा टायर मुका असणं मला पटतच नाही.

पावसाळी
नका येऊ. मी मात्र पावसात निर्धास्त ब्रेक दाबते.

नवा_स्वार
१६०/६० च घेतोय, सगळ्यांचे आभार. पुढचा अजून खूणपट्टीच्या बराच वर आहे. मागे नवीन आणि पुढे जुना, वेगळ्या कंपनीचा, चालेल?

निळीचेन
चालतो, पण शक्यतो एकाच जोडीचे घे. दोन्हींच्या गोलाईचा आकार वेगळा असला की बाइक मध्येच कोसळल्यासारखी वळते, मध्येच अडते. पुढच्याच्या खाचांच्या कडा हाताने तपासून बघ. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारख्या टोचत असतील तर खोली शिल्लक असूनही तो बदल. बसवताना भिंतीवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे का ते स्वतः उभं राहून बघ, व्हॉल्व्ह नवा घालून घे, आणि पहिले दीडशे किलोमीटर हळूहळू झुकव.

रेडलाइन
आणि १९०/५५ बद्दल कोणाला खरंच विचारायचं असेल तर वेगळा धागा काढतोय. चेनच्या फोटोसकट या, नुसतं मित्राचं सांगू नका.