वाचनालयाची खोली आठ दिवसांसाठी देण्याबाबत

सचिव (बी-५०२) : सर्व सभासदांना नमस्कार. मंगळवारी रात्रीच्या पावसात मागच्या नाल्याचे पाणी बैठ्या चाळीत शिरले आणि अकरा कुटुंबांच्या घरांत कमरेइतके पाणी भरले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जवळच्या चर्चमधील सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या स्वयंसेवकांनी कोरडा शिधा, चादरी आणि भांडी ठेवण्यासाठी आपल्या तळमजल्यावरील वाचनालयाची खोली आठ दिवसांसाठी मागितली आहे. त्यांना आज रात्रीपर्यंत उत्तर द्यायचे आहे, म्हणून मते येथेच कळवावीत.

सी-७०२ : माझा विरोध मदतीला नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पण एका धार्मिक संस्थेला खोली दिली, तर उद्या दुसरीला नाही कसे म्हणणार? शिवाय अडचणीतल्या माणसाच्या हातात तांदळाची पिशवी ठेवून त्याला आपल्या धर्माकडे वळवले जाणार नाही, याची खात्री कोणी करून घेतली आहे का?

ए-२०४ : दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारल्याबद्दल कोणी राग मानू नये. मी काल दुपारी तीन तास त्या चाळीत होते, म्हणून जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगते. आपल्या ए विंगचे जिने झाडणाऱ्या मावशींच्या घरी दोन स्वयंसेवक आले, एक बाई आणि एक कॉलेजात जाणारा मुलगा. त्यांनी चिखलाने माखलेल्या चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, "आत येऊ का?" असे विचारले आणि मग पहिला प्रश्न केला तो चूल पेटली आहे का, हा. शेगडी पाण्यात गेलेली होती आणि गहू-तांदूळ भिजून त्याला वास सुटला होता. त्यानंतर त्या बाईंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी उघडायला लावली आणि आतले रेशनकार्ड, आधारकार्ड, मुलीची दहावीची गुणपत्रिका असा एकेक ओला कागद सुटा करून वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवला. धर्माचा विषय निघाला नाही. आडनाव विचारले, तेही रेशनकार्डावरचे नाव जुळवण्यासाठीच.

पंचनामा होईल, सरकारी मदतही येईल. परंतु ती खात्यात जमा होईपर्यंत मधले जे चार-आठ दिवस असतात, त्यांतच गरीब घर कर्जात जाते, कारण घर साफ करण्यासाठी मावशी कामावर येऊ शकत नाहीत, यजमानांचा रोज बुडतो, भिजलेला शिधा टाकून द्यावा लागतो आणि हे सगळे एकाच वेळी घडते. त्यात आजारपणाची भर पडते. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, प्रतिबंधक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि मावशींच्या पायाला जखम आहे. तो मुलगा त्यांना पालिकेच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेला. आपण गच्चीवरून फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले, मीसुद्धा टाकले, याचे मला वाईट वाटते.

बी-१०१ : ताई, मी स्वतः या कामात अनेक वर्षे आहे, त्यामुळे पद्धत सांगणे माझे कर्तव्य आहे. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी तेथे कॉलऱ्याची मोठी साथ येऊन गेली होती. तिचे एक संस्थापक फ्रेडरिक ओझानाम हे तेव्हा कायद्याचे विद्यार्थी होते, वय अवघे वीस. वादसभेत कोणीतरी त्यांना विचारले की, तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही काय करता? त्या प्रश्नाने ते अस्वस्थ झाले आणि आपल्याकडे हिवाळ्यासाठी उरलेले सरपण त्यांनी मित्राबरोबर एका गरीब घरी नेऊन दिले. आजही आम्ही जोडीनेच घरी जातो, कारण एकट्याचा अंदाज चुकू शकतो आणि घरात एकटी बाई असेल तर तिलाही संकोच वाटत नाही. बैठकीत एक पिशवी फिरते. तिच्यात कोणी किती टाकले हे कोणालाच कळत नाही. मदत घेणाऱ्या कुटुंबाचे नाव बाहेर सांगितले जात नाही. आमची प्रेरणा येशूच्या शिकवणीतून येते, हे मी लपवणार नाही. परंतु मदत कोणत्याही धर्माच्या माणसाला द्यायची आणि तिच्या बदल्यात काही मागायचे नाही, हा आमचा नियम आहे. तो मोडलेला दिसला, तर मला या ग्रुपवर जाब विचारावा.

सी-७०२ : काका, तुम्ही त्यांच्यात आहात हे मला ठाऊक नव्हते. मग एक शंका. शिधा संपल्यावर पुढे काय? दर महिन्याला पिशवी मिळत राहिली, तर ती कायमची सवय होत नाही का?

बी-१०१ : शिधा थोड्या दिवसांपुरताच असतो; खरे काम कागदपत्रांचे असते. चाळीतल्या एका कुटुंबाचे रेशनकार्ड परभणीचे आहे आणि ठाण्यात त्यावर काही मिळत नाही असे समजून ते इतके दिवस दुकानातून महाग धान्य घेत होते. आता पोर्टेबिलिटीमुळे त्याच कार्डावर येथेही धान्य मिळते. सोमवारी मी त्यांच्याबरोबर रेशन दुकानावर जाणार आहे. दुसऱ्या घरातील आजोबांचे ऑपरेशन अडले आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो भिजून फाटला आहे. नवीन दाखल्यासाठी अर्ज भरून देणारा कोणी हवा आहे.

सी-७०२ : तो अर्ज मी भरून देतो. खोलीला माझी हरकत नाही. मात्र यापुढे कोणत्याही संस्थेने आपत्तीच्या वेळी खोली मागितली, तर हाच नियम सर्वांना लावावा, अशी नोंद कमिटीने करावी.

ए-२०४ : त्या नोंदीला माझा पाठिंबा आहे. माझी आणखी एक विनंती आहे. शिधा घेताना कोणाचाही फोटो काढू नये. मावशी उद्यापासून पुन्हा आपल्याच जिन्यांवर काम करणार आहेत.

सचिव (बी-५०२) : दोन्ही गोष्टी कमिटीच्या वहीत लिहिल्या आहेत. खोलीची किल्ली वॉचमनकडे ठेवली आहे. पुस्तकांची कपाटे भिंतीकडे सरकवण्यासाठी सकाळी सात वाजता चार जण लागतील. खोलीत ओल आहे, त्यामुळे तांदळाच्या गोणी जमिनीवर न ठेवता लाकडी बाकांवर ठेवाव्यात.

सी-७०२ : मी आणि माझा मुलगा येतो.