रिमोटच्या बग्गीचे शॉकअप तेल ओकतायत – मदत हवी आहे

टेकडीवाला:
मागचे दोन्ही शॉकअप गळतायत. नवे ॲल्युमिनियमचे टाकले, ३० नंबरचं तेल भरलं, तरी उडी मारली की गाडी चेंडूसारखे टप्पे खाते आणि कोलांटी उडी मारून उताणी पडते. तेल तीनदा बदललं, सीलही बदलले. रविवारी सकाळी पैज आहे. पटकन सांगा. "गुगल कर" सांगणाऱ्यांनी दुसरा धागा बघावा.

गणूकाका:
आमच्या स्कूटरचा मागचा शॉकअप असाच गळायचा. भरून घेण्यात अर्थ नाही, जोडीच बदला. एकच बदललात तर गाडी एका अंगाला ओढते.

टेकडीवाला:
काका, रिमोटची आहे. शीर्षक वाचा की!

उल्का:
स्केल किती, म्हणजे खऱ्या गाडीच्या कितवा भाग? बॅटरी टू-सेल की थ्री-सेल? तेलाच्या जाडीचं माप वेटमध्ये की सीएसटीमध्ये? पिस्टनला, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या चकतीला, भोकं किती? सील कशाचे?

टेकडीवाला:
१/१४, फोर व्हील. तेल ३० नंबर, वर लिहिलंय. भोकं कोण मोजतं?

उल्का:
मोजतात. आणि ३० कुठल्या बाटलीवर लिहिलं होतं?

मशीनमास्तर:
एवढ्या चौकशा कशाला? शिवणयंत्राचं तेल घाला. माझ्या पोराच्या गाडीत चार वर्षं तेच आहे.

खडीमुरूम:
मास्तर, ते पाण्यासारखं असतं. शॉकअपमध्ये असून नसल्यासारखंच. टेकडीवाले, सरळ ८०चं जाड तेल भरा, टप्पे बंद.

उल्का:
टप्पे बंद होतील आणि खडीवर चाकं जमीन सोडतील. लागोपाठ छोटे धक्के बसले की जाड तेलात पिस्टन भोकांतून तेल ढकलू शकत नाही, शॉकअप दगड होतो. ट्रॅकवर त्याला पॅक होणं म्हणतात. उडीसाठी बरं, आपल्या मुरमावर नाही.

खडीमुरूम:
मी आठ वर्षं चालवतोय, माझा कधी पॅक झाला नाही.

उल्का:
तुमची मोठी १/८ असेल.

खडीमुरूम:
आहे १/८. मग?

उल्का:
मग तिचं वजन तिप्पट, तिला जाड तेल पेलतं.

टेकडीवाला:
भांडू नका हो. बाटली नव्हती. गॅरेजवाल्याने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत दिलं. बाईकच्या फोर्कचं. तो पण ३०च म्हणाला.

उल्का:
हेच विचारत होते. नंबर एक, तेल वेगळं. आरसीचं, म्हणजे रिमोटच्या गाड्यांचं, ३० वेट म्हणजे साधारण ३५० सीएसटी. फोर्कचं ३० म्हणजे ४० अंशाला शंभरच्या आसपास. बरंच पातळ. शिवाय ते खनिज तेल, उन्हात आणखी पातळ होतं. सिलिकॉनचं फारसं बदलत नाही, म्हणून तर ते वापरतात.

आता गळती. काठोकाठ भरून झाकण घट्ट आवळलंत ना? दांडा आत जातो तेव्हा स्वतःची जागा घेतो. आत जागाच नसेल तर तेल सीलमधूनच वाट काढणार. सील कितीही नवे टाका.

आधी सगळं खोला, भांड्यांच्या लिक्विडने धुऊन पूर्ण वाळवा. खनिज आणि सिलिकॉन एकमेकांत मिसळत नाहीत. शॉकअप उभा धरून दांडा खाली ओढा, तेल भरा, पिस्टन हळू वरखाली करा, पण तेलाच्या वर येऊ देऊ नका. बुडबुडे निघतील. दहा मिनिटं पेल्यात उभा ठेवा. मग दांडा अर्धा आत ढकला, वर आलेलं तेल सांडू द्या आणि तसंच धरून झाकण लावा. नंतर स्प्रिंग न लावता दांडा पूर्ण आत दाबून सोडा. जोरात उसळून पूर्ण बाहेर आला तर तेल अजून जास्त आहे.

निमूट:
सील लाल, मऊ आहेत का? सिलिकॉन रबर असेल तर सिलिकॉन तेलात फुगतं, दांडा जाम होतो. काळे नायट्राईल रबराचे घ्या.

न्यूजर्सीकर:
इथे हॉबी शॉपमध्ये ३०, ३५, ४० असे सेट शेल्फवरच असतात. एवढा खटाटोप कशाला?

खडीमुरूम:
इथे खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांचं ६० झालं, २०२३ मध्ये ७०. पाठवा कुरिअरने, आम्ही नाही म्हणत नाही.

मशीनमास्तर:
७० टक्के योग्यच आहे. पूर्वी आम्ही पत्र्याच्या डब्याला बाटलीची झाकणं लावून...

टेकडीवाला:
मास्तर प्लीज. उल्काताई, दोन दिवसांत सिलिकॉन तेल कुठून आणू?

उल्का:
ट्रेडमिलचं घ्या. बाटलीवर १०० टक्के सिलिकॉन आणि ३५० सीएसटी छापलेलं हवं. नुसतं "लुब्रिकंट" असेल तर ठेवून द्या. आणि दांडे काचेवर लोळवून बघा.

गणूकाका:
ट्रेडमिलचं तेल स्कूटरला चालतं का?

निमूट:
नाही.

टेकडीवाला: (शनिवार रात्र)
जिमवाल्या मित्राकडून आणलं, ३५०. दांडे टेबलाच्या काचेवर लोळवले. डावा सरळ गेला, उजवा लंगडत. वाकलाय, शिवाय बोट फिरवलं की बारीक चरा लागतो. नखाने खरवडलं तर सीलच्या खोबणीत मुरमाची लाल माती. जुन्या शॉकअपचा दांडा बसला, नशीब. सील काळेच होते. भोकं मोजली, दोन.

वीतभर उंचीवरून सोडली. एकदाच टप्प, आणि बसली. रात्रभर टिश्यूवर ठेवलीय, डाग पडला तर सकाळी कळेलच.

पण मागून जरा खाली बसते. थ्री-सेल टाकल्यापासूनच बसते तशी.

उल्का:
थ्री-सेल? बुधवारी विचारलं होतं. मागचं वजन वाढलंय. मागची कॉलर (स्प्रिंग दाबून धरणारी वरची चकती) दोन-दोन मिलीमीटर खाली फिरवा, मागचे आर्म (चाकं धरणारे दांडे) जमिनीला समांतर येईपर्यंत. त्याने उंची वाढेल, स्प्रिंग कडक होणार नाही. तरीही उडीत चेसिस घासली तर जाड स्प्रिंगच लागेल, आणि ती उद्या सकाळपर्यंत मिळणार नाही.

खडीमुरूम:
म्हणून म्हणत होतो, ८०.